भ्रामरी करताना चक्कर का येते?

प्रश्न : सोलापुरात पूर्व भागात पॉवरलूमवर १२ तासांची पाळी करतो. घरी आलं तरी डोक्यात मागांचा खडखडाट चालूच असतो, झोप लागत नाही. ओळखीच्या एकांनी भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम) करायला सांगितली. सलग २०-२५ वेळा करतो, तर चक्कर येते आणि घसा दुखतो. काय चुकतंय?

उत्तर : जोर जास्त लागतोय आणि संख्याही जास्त होतेय. मागांच्या आवाजात ओरडून बोलणाऱ्या माणसाचा गळा गुणगुणतानाही तसाच ताणला जातो. घसा दुखतो तो त्यामुळे. तुमचा गुंजारव शेजारच्या खोलीत ऐकू जाता कामा नये.

पाठ ताठ ठेवून बसा. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना टेकलेले नकोत. जबडा आवळला की आवाज घशातच अडकतो. नाकाने साधाच श्वास घ्या, छाती फुगवू नका. मग बोलण्याच्या आवाजापेक्षा थोड्या खालच्या पट्टीत ‘म्‌’ धरा आणि ८-१० सेकंदांत सोडा. ओठांना, नाकाच्या हाडाला मुंग्या आल्यासारखं वाटलं की जमलं. श्वास पार संपेपर्यंत ताणू नका. पुढचा श्वास हपापून घ्यावा लागला, तर आधीचा गुंजारव लांबला असं समजा. दोन गुंजारवांमध्ये एक-दोन साधे श्वास येऊ द्या. पाच ते सात वेळा पुरे.

चक्कर येते ती मोठमोठे श्वास पाठोपाठ घेतल्याने. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात भ्रामरी आठ कुंभकांत, म्हणजे श्वास रोखण्याच्या प्रकारांत, मोजली आहे, म्हणून काही जण श्वास रोखायला शिकवतात. तुम्ही सध्या रोखू नका. मन निवतं ते लांब, संथ उच्छ्वासाने. त्या वेळी हृदयाचे ठोकेही मंदावतात.

पाळीवरून आल्या आल्या नको. अंघोळ, जेवण होऊ द्या, दोनेक तासांनी झोपण्याआधी बसा. कान बंद करायचे तर भोकापुढची छोटी पाळी हलकेच दाबा, बोट आत घालू नका. कान वाहत असेल तर तेही नको.

आणि हे मात्र टाळू नका : सुट्टीच्या दिवशीही कानात आवाज येत असेल, तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. गोंगाटाने गेलेली श्रवणशक्ती गुणगुणून परत येत नाही. मागावर कापसाचा बोळा पुरत नाही, फोमचे इअरप्लग वापरा.

प्रश्न : गुणगुणल्याने सायनस मोकळे होतात, हे खरं का?

उत्तर : अर्धं खरं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं, तेव्हा शांत उच्छ्वासाच्या तुलनेत गुणगुणताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड (सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्यांत, तयार होणारा वायू) सुमारे १५ पट निघाला. कंपनांमुळे सायनसमधली हवा बाहेर खेचली जाते. सलग गुणगुणलं की हे प्रमाण उतरत जातं, तीनेक मिनिटं थांबल्यावर पुन्हा भरतं. सायनसची तोंडंच सुजून बंद असतील तर मात्र ही वाढ होत नाही. नाक चोंदलेलं असताना जोर लावू नका. आधी वाफ घ्या.