दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीचा खरा खर्च

भावाने भरलेल्या अर्जावर पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबल्यावर तुमचा ग्रीन कार्डाचा क्रमांक आता लागतो आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि शिरोली एमआयडीसीतला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रांचा दीर्घ अनुभव तुमच्या गाठीशी आहे. कॅलिफोर्नियात आल्यावर कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची तांत्रिक पदवी, म्हणजे असोसिएट डिग्री, घेतली तर घातलेला पैसा निघेल का, आणि बी.एस्सी. झालेल्या वहिनींनी, म्हणजे तुमच्या पत्नीने, एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टचा अभ्यासक्रम घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच मार्गाने इचलकरंजीहून आलो असल्यामुळे सविस्तर लिहितो.

फीची चिंता तुम्ही गरजेपेक्षा जास्त करत आहात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला) 46 डॉलर पडतात, म्हणजे असोसिएट डिग्रीच्या 60 युनिटांचे 2,760 डॉलर होतात आणि उत्पन्न कमी असेल तर राज्य तेही माफ करते. मात्र रहिवासी ठरण्यासाठी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेले असावे लागते. त्याआधी प्रवेश घेतलात तर अनिवासी दराने त्याच युनिटाला कित्येक पट पैसे मोजावे लागतील. म्हणून पहिले वर्ष नोकरीला द्या आणि संध्याकाळी इंग्रजीचे नॉनक्रेडिट (पदवीत न मोजले जाणारे) वर्ग करा, त्यांना फी नसते.

ग्रीन कार्डधारकाला अमेरिकेच्या केंद्र सरकारचे पेल अनुदान, म्हणजे शिक्षणासाठीची मदत, हेही मिळू शकते. 2025-26 साठी त्याची कमाल मर्यादा 7,395 डॉलर होती आणि ते परत फेडावे लागत नाही. पण ज्यांच्याकडे आधीच बॅचलर पदवी आहे, मग ती भारतातली का असेना, त्यांना ते मिळत नाही. म्हणजे डिप्लोमावर थांबलेले तुम्ही पात्र ठरू शकता आणि वहिनी नाही. घराचे अंदाजपत्रक करताना हे आधीच धरून चाला.

खरा खर्च बुडणाऱ्या पगाराचा आहे. 2025 च्या 16.50 डॉलर या किमान ताशी वेतनाने पूर्णवेळ काम केले तरी वर्षाला 34 हजार डॉलरांवर मिळतात. दोन वर्षे दिवसा कॉलेजात बसलात तर जवळजवळ 69 हजार डॉलरांवर पाणी सोडावे लागते, आणि त्यापुढे फी अगदी किरकोळ ठरते. त्यामुळे पदवी किती महाग आहे यापेक्षा, ज्या कामासाठी ती घ्यायची त्या कामाचे दार पदवीशिवाय उघडते की नाही, हे आधी पाहावे.

तुमच्या कामाचे दार उघडते. मशीन शॉपमध्ये पदवी फारशी कुणी विचारत नाही. हातात ड्रॉइंग देतात आणि पार्ट मोजायला सांगतात. माझ्या पहिल्या मुलाखतीत फोरमनने टेबलावर एक बुशिंग आणि इंची मायक्रोमीटर ठेवला. मिलिमीटरमध्ये आयुष्य गेलेल्या माझ्या बोटांना इंचाचा हजारावा भाग, ज्याला इथे सगळे ‘थाऊ’ म्हणतात, वाचायला इतका वेळ लागला की ती नोकरी गेली. त्यानंतर मी कॉलेजात संध्याकाळी सहा ते दहाचा सर्टिफिकेटचा वर्ग धरला. तिथे निम्मे विद्यार्थी कारखान्याच्या गणवेशातच येत आणि शिकवणारे निवृत्त मशिनिस्ट होते. दिवसा कमाई चालू ठेवून वर्षभरात मी ताशी 24 डॉलरांच्या कामाला लागलो. साठ युनिटांतले इंग्रजी निबंधलेखन आणि इतिहास मला त्यासाठी लागले नाहीत. तुम्हीही सर्टिफिकेटच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वहिनींचे गणित अगदी वेगळे आहे. एक्स-रेच्या कामाला एआरआरटी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा लागते आणि 2015 पासून त्या परीक्षेला बसण्यासाठी किमान असोसिएट डिग्री आवश्यक आहे. त्यांच्याकडे बी.एस्सी. असली तरी मान्यताप्राप्त रेडिओग्राफीचा अभ्यासक्रम टळत नाही. मे 2024 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशभरात या कामाचा मध्यम वार्षिक पगार 77,660 डॉलर होता, तेव्हा इथे पगार बुडवण्यात अर्थ आहे. फक्त ‘दोन वर्षे’ या शब्दावर विसंबू नका. आधी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे विषय पूर्ण करावे लागतात, जागा मोजक्या असल्याने अनेक कॉलेजांत प्रतीक्षायादी किंवा सोडत असते, आणि रुग्णालयातले प्रशिक्षण दिवसभराचे व सहसा बिनपगारी असते. माझ्या पत्नीला पहिल्या विषयापासून नोकरीपर्यंत चार वर्षे लागली; त्यातली शेवटची दोन वर्षे घर केवळ माझ्या पगारावर चालले. तुम्ही लवकर कमावते होणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

तुमचा पुतण्या विद्यार्थी व्हिसावर हीच पदवी घ्यायला येऊ पाहतो आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. त्याला मी नको म्हणेन. त्याला अनिवासी फी पडेल, शिकत असताना बाहेर मोकळेपणाने नोकरी करता येणार नाही, असोसिएट डिग्रीनंतर कामाची परवानगी 12 महिन्यांचीच मिळेल, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखांची वाढीव मुदत या पदवीला लागू नाही, आणि एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी साधारणपणे बॅचलर पदवी लागते. चार वर्षांची पदवी पुरी करण्यासाठी पहिली दोन वर्षे इथे काढायची असतील, तरच त्याने हा विचार करावा.

निघण्यापूर्वी तुमच्या डिप्लोमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत पॉलिटेक्निकच्या शिक्क्यासह बंद लिफाफ्यांत घ्या, वहिनींच्या पदवीचीही कागदपत्रे तशीच विद्यापीठातून काढा. इथे बसून ती मागवायला मला सात महिने लागले होते.