बॉक्सर टॉमी हर्न्स आणि फ्लॉइड मेवेदर 147 पौंडांत (वेल्टरवेट गटात) समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं?

हर्न्स. 12 राउंडची लढत असेल तर डोळे झाकून हर्न्स. आणि मेवेदरच्या 50-0 चा, म्हणजे 50 विजय आणि शून्य हार याचा, दाखला कृपया देऊ नका, तो आमच्या दाजींनी पुरेसा दिलाय.

दाजींनी बॉक्सिंग पाहिलं ते टीव्हीवरच. 2015 ला मेवेदरने पॅक्विआओला हरवलं, ती लढत त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे खात पाहिली, आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "रीच-बीच काही नसतं रे, आत घुसायचं आणि हाणायचं." हर्न्स 6 फूट 1 इंच, रीच (दोन्ही हात पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंतचं अंतर) 78 इंच. मेवेदरचा 72. सहा इंच म्हणजे काय, हे ज्याने कधी लांब हाताच्या पोराशी स्पारिंग (सरावाची लढत) केलंय त्याला विचारा.

शेवटी दिवाळीत गच्चीवर दाजींना ग्लव्हज आणि हेडगार्ड चढवलं. समोर त्यांचाच मुलगा, म्हणजे माझा भाचा. सहा फुटी, कॉलेजच्या टीममधला. त्याला सांगितलं, उजवा हात वापरायचाच नाही. दाजी मेवेदरसारखा डावा खांदा पुढे काढून, हनुवटी त्यामागे लपवून उभे राहिले. या पवित्र्यात समोरच्याचा सरळ उजवा खांद्यावर अडतो, मान्य. पण भाच्याचा डावा हात हर्न्ससारखा कमरेपाशी लोंबत होता, आणि तिथून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, सटासट कपाळावर. दाजी एक पाऊल पुढे, एक टप्पल, दोन पावलं मागे. ताई जिन्यातून ओरडली, "अरे, बापाला मारतोस होय?" दाजी टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि धापा टाकत म्हणाले, "मेवेदर असता तर घुसला असता."

हर्न्सविरुद्ध शुगर रे लेनर्ड घुसला होता की! 16 सप्टेंबर 1981, लास वेगास. पण निकाल लावण्याइतका कधी घुसला? 13व्या आणि 14व्या राउंडला. 14व्यात पंचाने लढत थांबवली तेव्हासुद्धा तिन्ही जजेसच्या गुणांच्या कार्डावर हर्न्स पुढे होता. तेव्हा जागतिक किताबाच्या लढती 15 राउंडच्या असत. आजच्यासारखी 12ला घंटा वाजली असती तर लेनर्ड हरला असता. आणि लेनर्डच्या हातात शेवटपर्यंत दणका होता. मेवेदरचे हात कायमचे दुखरे, 147 ला त्याने बहुतेक लढती पॉइंटवरच काढल्या. 2010 मध्ये मोझलीच्या उजव्याने दुसऱ्या राउंडला त्याचे गुडघे लटपटले, तरी मिठी मारून तो सावरला. मोझली तेव्हा 38 वर्षांचा होता. हर्न्सने 1980 मध्ये 11 वेळा किताब राखलेल्या क्वेवासला दुसऱ्याच राउंडला आडवं केलं. तो सावरू देत नसे.

15 राउंडची लढत म्हणत असाल तर मी एवढ्या छातीठोकपणे बोलणार नाही. हर्न्सचे पाय शेवटी जड व्हायचे, जबडाही पोलादी नव्हता. 1985 ला हॅगलरने त्याला तीन राउंडात संपवलं, पण ते मिडलवेटला, म्हणजे 160 पौंडांत.

कोणी 50-0 म्हणालं की एवढंच विचारा, 147 ला मेवेदर इतक्या उंच माणसाशी लढला कधी? 130 पौंडांत उंच कोरालेसला त्याने 2001 मध्ये पाच वेळा पाडलं होतं, हा मेवेदरच्या बाजूचा एकमेव बरा मुद्दा. दाजींना कोरालेस माहीत नाही. कोणी सांगू नका.