बद्द वाजणारी बरणी

प्रिय सई,

परवा दुकानातून बाहेर पडताना तू विचारलंस, "आई, तू प्रत्येक वाडग्याला टिचकी का मारत होतीस? तो काउंटरवरचा माणूस बघत होता." मी "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली, कारण सांगायला बसले की पार सोलापूरपर्यंत जावं लागतं.

सोलापूरला संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची जत्रा भरते. आम्ही तिला नुसतं 'गड्डा' म्हणायचो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात उंच नंदीध्वज पेलत निघतात, 68 लिंगांची प्रदक्षिणा होते आणि भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. त्या अक्षता लग्नाच्याच. सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन असा हट्ट धरलेल्या कुंभाराच्या मुलीचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, अशी कथा आहे. कुंभाराच्या लेकीचं लग्न म्हणून तिथं भांड्यांची एवढी दुकानं लागतात, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं.

होम मैदानावर पोरं पाळण्यांकडे ओढायची आणि आया कपबशांकडे. ताडपत्रीवर पेंढा पसरलेला, त्यावर कपांचे ढीग. माल बहुतेक दोन नंबरचा. कुणाचा कान वाकडा, कुणाच्या झिलईवर काळा ठिपका, कपावर गुलाब तर बशीवर जास्वंद. बाया उकिडव्या बसून जोड्या जुळवायच्या, आणि सहावी बशी कधीच सापडायची नाही. शेजारी मेलामाईनवाला स्टुलावर उभा राहून ताटल्या धाडधाड जमिनीवर आपटायचा. "फुटली तर पैसे परत!" तुझ्या आजीला तो मुळीच आवडायचा नाही. जे भांडं फुटत नाही ते वाजतही नाही, असं ती म्हणायची.

त्या दिवसांत वाण लुटायचं असतं ना, हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला काहीतरी द्यायचं, त्यामुळे मिठाच्या चिमुकल्या बरण्या डझनाच्या भावानं जायच्या. आजीचं खरं लक्ष मात्र मोठ्या बरणीवर. वरून तपकिरी, खाली पांढरट, जाड बुडाची. असा चिनी मातीचा माल उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून यायचा आणि विकणारेही कधीकधी तिकडचेच असायचे. लोणच्याला अशीच बरणी लागते. मीठ आणि कैरीचा आंबटपणा पितळेत कळकतो, झिलईच्या चिनी मातीला काही करत नाही. शिवाय हिंगाची धुरी द्यायची, लोणचं भरायचं, तोंडाला दादरा बांधायचा, की वर्षाची बेगमी झाली.

आता टिचकीचं. आजी कप घेताना त्याचा कान बोटात अडकवायची आणि दुसऱ्या हातानं टिचकी मारायची. बशी पाच बोटांच्या टोकांवर तोलायची, कारण मुठीत धरली की आवाज मरतो. बरणी असली तर झाकण काढून, तळहातावर घेऊन पोटाला बोटाच्या पेरानं ठोकायची. चांगलं भांडं खणकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. तडा असेल तर बद्द वाजतं. तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि थरथर तिथंच विरते. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा तडासुद्धा कानाला कळतो. मग आजी तिच्या सोलापुरी हिंदीत सुनवायची, "भैया, ये बद्द बजता है, दुसरी दिखाव." भैया शपथा घ्यायचा. आजी हूं की चूं न करता दुसरी बरणी हातात घ्यायची. घासाघीस त्याच्यानंतर.

एका वर्षी मात्र तिनं वाजवलं नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला आकाशपाळण्यात बसायचं होतं, रांग वाढत होती, आणि मी तिचा पदर ओढून ओढून तिला भंडावून सोडलं होतं. तिनं भाव केला, चाळीस रुपये मोजले, बरणी पिशवीत टाकली. मी पाळण्यात बसले, वरून सिद्धेश्वराचा तलाव बघितला आणि खाली उतरून ओकले, ते सोड.

मे महिन्यात लोणचं घातलं. आठ-दहा दिवसांनी फळीवरच्या कागदावर बरणीखाली तेलाचं गोल वर्तुळ उमटलेलं दिसलं. आजीनं बरणी पुसली, नवा कागद घातला. दुसऱ्या दिवशी परत वर्तुळ. तिनं लोणचं काढलं, बरणी धुतली आणि तेव्हा कुठं टिचकी मारली. बद्द. जाब विचारायला कोण होतं? गड्डा कधीच उठला होता. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी ते विसरून तरी गेले असते.

परवाच्या त्या सहा वाडग्यांतला निळा मी बाजूला ठेवला, आठवतंय? सगळ्यात सुंदर होता, म्हणून तू हट्ट धरला होतास. तो बद्द वाजत होता.

ती बरणी आजीनं टाकली नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायचे चिमटे ज्यात असतात, तीच ती. सुट्टीत गेलीस की झाकण काढून पोटाला ठोकून बघ. आजी आत झोपलेली असताना ठोक, तिच्यासमोर नको.

तुझी,
आई