स्ट्रॉबेरीचा पहिला हंगाम आणि मंजूर औषधांची यादी

मुंबईतली नोकरी सांभाळून आपण भिलारजवळ स्ट्रॉबेरी लावत आहात, तेव्हा सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली म्हणजे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीची मंजूर वापरांची यादी दर हंगामापूर्वी नव्याने पाहावी, कारण शेजाऱ्याने सुचवलेले औषध आज बंदही असू शकते. डायक्लोरव्हॉस 2020 अखेर बंद झाले, तर कोळी या किडीसाठी पूर्वी वापरले जाणारे डायकोफॉल 2023 च्या आदेशाने गेले. शिवाय मंजुरी पीकनिहाय असते. द्राक्षावर चालणारे औषध स्ट्रॉबेरीवर आपोआप चालत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ऐन हंगामात तोडणी दर दोन-तीन दिवसांनी होते आणि फळ न सोलताच खाल्ले जाते. त्यामुळे लेबलावरील प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणी ते तोडणी यांत ठेवायचे अंतर, सात दिवसांचा असेल, तर मधल्या तोडण्यांचा माल वाशीच्या बाजारात पाठवता येणार नाही, हे फवारणीपूर्वीच मोजावे. पहिल्या वर्षी मी ते मोजले नाही आणि चांगली फळे खड्ड्यात टाकली.

लेबलावरचा हिरवा त्रिकोण विषारीपणाची पातळी दाखवतो, फळातील अवशेषांची नव्हे. ही गल्लत नवखे हमखास करतात. पक्के बिल घ्यावे, फवारणीची तारीख वहीत लिहावी. औषधांच्या मिश्रणांचा विषय पुढच्या वर्षी काढू.