ब्लू-रे अडकतेय? डिस्क परत करण्याआधी हे बघा

नवी डिस्क 'लोडिंग'वरच थांबली की बहुतेक नवखे ती परत करतात. तसं करू नका, दोष बहुधा प्लेअरच्या जुन्या फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा) असतो. डिस्कवरच्या एएसीएस या, नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाच्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात, त्या जुन्या प्लेअरकडे नसतात. प्लेअर नेटला जोडा, सेटिंगमधून अपडेट करा. नेट नसेल तर कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका!

मग एवढंच सांभाळा:

- रीजन (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड): भारत 'सी', अमेरिका आणि जपान 'ए', पश्चिम युरोप 'बी'. बाहेरून मागवताना खोक्यामागचा षटकोनी शिक्का वाचा. ४के डिस्कला रीजन नसतो, पण सोबतच्या साध्या ब्लू-रेला असू शकतो.
- ४के डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही. टीव्हीचं एचडीएमआय पोर्टही एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी सुरक्षा) चालणारं हवं. मध्ये साउंडबार असेल तर तोसुद्धा.
- पुसताना मऊ मायक्रोफायबर, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवू नका.

एचडीआरच्या (चित्राचा उजेड-रंग खुलवणाऱ्या) सेटिंगला सध्या हात लावू नका. आधी चित्र नीट सुरू होऊ द्या, अडलं तर प्लेअर आणि टीव्हीचं मॉडेल लिहून विचारा.