सीएमएमआय लेव्हल ३ मिळाली म्हणजे सॉफ्टवेअर सर्टिफाइड झालं का?

तुमची चाळीस जणांची कंपनी, नगरपालिकांसाठी मालमत्ता कराचं सॉफ्टवेअर, टेंडरमध्ये सीएमएमआय (कंपनीची काम करण्याची पद्धत किती पक्की आहे ते पायऱ्यांनी जोखणारी चौकट) लेव्हल ३ची अट. ती मिळाली की सॉफ्टवेअर 'सर्टिफाइड' म्हणून विकता येईल का, हा तुमचा प्रश्न.

नाही येणार. लेव्हल मिळते ती काम करण्याच्या पद्धतीला, तीही कंपनीच्या ज्या युनिटचं अप्रेझल (बाहेरच्या परीक्षकाकडून तपासणी) झालं तेवढ्यालाच आणि तीन वर्षांपुरती. सीएमएमआयचं आधीचं रूप म्हणजे सीएमएम, ते आलंच मुळी अमेरिकी संरक्षण खात्याला कंत्राटदार पारखायचे होते म्हणून. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एसईआय (सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूट) या संस्थेने ते तयार केलं. टेंडरवाले ती अट घालतात ते गैर नाही, पण त्यातून मालाची, म्हणजे सॉफ्टवेअरची, परीक्षा होत नाही.

युरोपचं एरियन-५ रॉकेट आठवा. ४ जून १९९६, उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत रॉकेटचे तुकडे. ६४ बिटी आकडा १६ बिटांत बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे तो मावला नाही. कोड एरियन-४चा, तिथे बिनबोभाट चाललेला. गंमत म्हणजे कोडचा तो भाग एरियन-५ला जमीन सोडल्यावर लागतच नव्हता! नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो कोड चालवणाऱ्या दिशादर्शक यंत्रणेची चाचणी कुणी घेतलीच नव्हती.

म्हणून माल वेगळा तपासावाच लागतो. त्यासाठी आयएसओ/आयईसी २५०१० हे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक हाताशी ठेवा. २०११च्या आवृत्तीत गुणवत्तेची आठ वैशिष्ट्यं होती, २०२३मध्ये 'सेफ्टी' धरून नऊ झाली. हे सर्टिफिकेट नव्हे, काय तपासायचं त्याची चौकट आहे. 'सिस्टिम वेगवान असावी' हे वाक्य करारातून काढा. ३१ मार्चला एकाच वेळी किती जण कर भरतील आणि पावती किती सेकंदांत निघाली पाहिजे, ते आकड्यांत लिहून घ्या. पावतीच्या पीडीएफमध्ये 'कुऱ्हाडे', 'क्षीरसागर' नीट उमटतात का ते बघा. स्क्रीनवर ठीक दिसणारं नाव छापताना फुटतं, आणि मालमत्ताधारक पहिली तक्रार तीच करतो.

त्रयस्थ शिक्का हवा असेल तर केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी या चाचणी आणि प्रमाणन संस्थेकडे चौकशी करा. मात्र चाचणी ज्या व्हर्जनची झाली त्याच व्हर्जनबद्दल तो अहवाल बोलतो. पुढच्या रिलीजमध्ये कर-आकारणीचं सूत्र बदललंत तर जुना अहवाल दाखवून भागणार नाही.

टेंडर भरायचंच असेल तर लेव्हल ३ला पर्याय नाही. मग रिव्ह्यूच्या नोंदी आजपासूनच ठेवा. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच संध्याकाळी भरलेल्या दिसल्या की अप्रेझर पुढे काय विचारणार, ते सांगायला नको.