पट्टी खाली उतरली, आता वहीचं काय?

प्रश्न : सर, मी कॉलेजात आहे, गंगापूर रोडच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवतो. गणपतीत ऐन कार्यक्रमाआधी गायिका म्हणाली, "घसा बसलाय, अर्धा सूर खाली घ्या." सगळं पांढरी दोनच्या पट्टीत, म्हणजे डीमध्ये लिहिलेलं, ते काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्पमध्ये आणायचं. मी ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं बटण दाबून मोकळा झालो, गिटारवाल्याची मात्र तारांबळ उडाली. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, आकड्यांत लिहा असं काहीजण सुचवतात. बटण असताना त्याची गरज आहे का?

उत्तर : तू सुटलास आणि गिटारवाला अडकला, इथेच उत्तर मिळालं. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, सूर चढवतो, उतरवत नाही. डीचं गाणं सी शार्पमध्ये न्यायचं तर पहिल्या फ्रेटवर (पडद्यावर) कॅपो लावून सीच्या पट्टीतल्या कॉर्डचे बोटांचे आकार धरावे लागतात, आणि वहीत तर डी, जी, ए लिहिलेलं. बास वाजवणाऱ्याकडे तर बटणही नाही नि कॅपोही नाही.

आकड्यांची युक्ती साधी आहे. सा म्हणजे १. त्यावरून स्वर मोजत जायचं, म चा कॉर्ड ४, प चा ५, ध चा मायनर कॉर्ड ६ आणि पुढे आडवी रेघ. मुखडा असा दिसेल :

१ १ ४ ५
६- ४ ५ १

डीमध्ये हे डी, जी, ए, बी मायनर. सी शार्पमध्ये सी शार्प, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प मायनर. कागद तोच.

ही पद्धत अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंमधली. एल्विस प्रेस्लीच्या मागे गाणाऱ्या जॉर्डनेअर्समधल्या नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती वापरात आणली, चार्ली मॅककॉय वगैरे वादकांनी वाद्यांसाठी वाढवली. आपल्याला त्यात अवघड काही वाटू नये. याच नाशकात आश्रम काढून राहिलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलिपीतही सा कुठल्याही पट्टीत धरता येतो. फरक एवढाच की स्वरलिपीत चाल लिहिली जाते, आकड्यांत फक्त कॉर्ड. चाल पाठच हवी.

नॅशव्हिलला एक आकडा म्हणजे एक बार, तालाचा एक ठरावीक तुकडा. तू केहरवा किंवा दादऱ्याच्या एका आवर्तनाला एक आकडा धर. एकाच आवर्तनात दोन कॉर्ड आले तर दोन्हींखाली मिळून एक रेघ. कॉर्ड एकदा वाजवून तसाच धरून ठेवायचा असेल तर आकड्याभोवती शंकरपाळ्यासारखी चौकट.

आता खरी गोम. आपल्याकडे पट्ट्यांनाही आकडेच आहेत. काळी एकमध्ये ४ चा कॉर्ड येतो काळी तीनवर आणि ५ चा काळी चारवर. स्टेजवर तू "चार!" ओरडलास की पेटीवाल्याचं बोट काळी चारवर पडणार, म्हणजे पंचमावर. म्हणून कागदावर आकडे लिही, पण पेटी सोबत असेल तर तोंडाने "म", "प" म्हण. आणि वहीत आकडे एकाच लिपीत ठेव. घाईत लिहिलेला मराठी पाच इंग्रजी चारसारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नऊसारखा. मंद दिव्यात तर हमखास.

बटण खुशाल वापर, पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणायचं तेवढं बघ.

प्रश्न : आमच्या पंचवटीतल्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते. गिटार वाजवणारा भाचा मायनर गाण्याचा पहिला कॉर्ड ६- लिहितो. माझा सा त्याच्या कागदावर सहा कसा?

उत्तर : ताई, भाचा चुकलेला नाही. नॅशव्हिल पद्धतीत पुष्कळजण असंच लिहितात, तेच स्वर असलेल्या मेजर स्केलचा सा म्हणजे १ धरून. पण तुमच्या मंडळात ते चालवू नका. गाणारी म्हणणार "काळी दोन", तिचा सा तिथे. भाच्याचा १ मात्र काळी तीनवर. पट्टी सांगितली की दोघं दोन ठिकाणी. गाणारीचा सा तोच १, हा नियम घाला आणि त्याला १- लिहायला लावा. कोमल ग, कोमल ध, कोमल नि यांवरच्या कॉर्डना आकड्याआधी फ्लॅटची, म्हणजे कोमलची खूण (♭) करायची. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली रेघ देतात तशी इथे देऊ नका, ती रेघ वर सांगितल्याप्रमाणे अर्ध्या आवर्तनासाठी लागते.

अभंग भैरवीत असेल तर मात्र आकड्यांच्या फंदातच पडू नका. कोमल रिषभाभोवती फिरणाऱ्या चालीवर १-४-५ चढवलं की भैरवी उरत नाही. भाच्याला नुसता सा-प धरून बसायला सांगा, रुसला तर टाळ द्या.